माहेरचं तूप

ललित पाटलाला पतसंस्थेतली मंडळी चिकट म्हणायची, पण ते खरं नव्हतं. चिकट माणूस पोटाला चिमटा काढतो. ललितने पोटाला कधी बोटसुद्धा लावलं नाही. त्याला जेवण उत्तमच लागायचं, फक्त ते स्वस्तात लागायचं, आणि स्वस्तात मिळालं की त्याला ते आणखी गोड लागायचं. आता यात माणसाचं काय चुकलं, सांगा बरं.

मूळचा तो लोणखेड्याचा. नंदुरबारच्या शाखेत बदली झाली तेव्हा बायको चेतना लोणखेड्यालाच राहिली, कारण तिथल्या शाळेत ती शिकवायची. ललित इथे भाड्याच्या खोलीत. शनिवारी गावी जायचं, सोमवारी सकाळच्या एसटीने परत यायचं. मधल्या दिवसांत रात्री दूध-पोळीवर भागायचं, पण दुपारचं काय? खोलीत गॅस होता, पण या गड्याला चहासुद्धा उतू घालवल्याशिवाय जमत नव्हता.

मग जेवणाची सुट्टी झाली की हा स्कूटर काढायचा आणि शहर पालथं घालायचा. स्टेशनसमोर जेवला, बसस्टँडमागे जेवला, बाजारात जेवला. एका ठिकाणी शेवभाजीत लाल पाणी तेवढं होतं, शेव शोधावी लागली. दुसरीकडे ‘पोटभर थाळी’ लिहिलेलं होतं, पण तिसरी पोळी मागितली की वाढप्याला ऐकू येईनासं व्हायचं. या सगळ्यातून ललितने स्वतःचे काही नियम बनवले होते. दारावर जेवणाचे रंगीत फोटो लावलेत? पुढे चला. मालक गल्ल्यावर बसून घरून आलेला डबा खातोय? पळा! आणि जिथे हमाल आणि ट्रकवाले मांडीला मांडी लावून बसलेत, तिथे डोळे मिटून बसा.

या शेवटच्या नियमानेच त्याला तुळशीबाईकडे नेलं. मिरचीचा हंगाम होता. शहराबाहेर पथारींवर मिरच्या वाळत पडल्या होत्या आणि त्या रस्त्याने जाणारा प्रत्येक जण शिंकत होता. ललितही शिंकत शिंकत चालला होता, तेवढ्यात एका पत्र्याच्या शेडमधून उडदाच्या डाळीला दिलेल्या लसणाच्या फोडणीचा वास आला. मिरचीच्या ठसक्यातूनही जो वास नाकापर्यंत पोचतो, तो साधासुधा नसतो. त्याने स्कूटर तिथेच लावली.

आत हमालांची पंगत बसली होती. चुलीपुढे पन्नाशीची, ठेंगणी, भरभर हात चालणारी बाई दादरच्या भाकरी थापत होती. दादर म्हणजे आपली रब्बीची ज्वारी, तिची भाकरी पांढरीशुभ्र पडते. सोबत उडदाची डाळ, ठेचा, हाताने फोडलेला कांदा. ललितने पहिला घास घेतला आणि त्याला वाटलं, इतके दिवस आपण या शहरात उपाशीच होतो. भाव तर असा की स्टेशनवर तेवढ्यात नुसता नाश्ता आला असता. एवढ्यावर शहाणा माणूस खूश झाला असता. पण ललितची नजर गेली फळीवरच्या तुपाच्या डब्याकडे.

“ते तूप कोणासाठी हो?” त्याने शेजारच्या हमालाला हळूच विचारलं.

“ते घरनं शे,” हमाल म्हणाला. “गिऱ्हाईकले नही भेटत. बाई कोरीटनी शे, तिन्हा माहेरना कोनी उना तं त्याले वाढी बहुतेक. पन आजपावत कोनी उनं नही.”

आता आपल्या खानदेशात बाईला माहेरचं माणूस म्हणजे काय असतं, हे मी सांगायला नको. माहेरच्या गावचा कोणीही आला, मग तो नात्यात असो वा नसो, तो भाऊ. त्याला पाणी आधी, पाट आधी, वाढणं आधी. कोरीट तर नंदुरबारहून हाकेच्या अंतरावर. ललितने उभ्या जन्मात त्या गावात पाय ठेवलेला नव्हता, पण तेवढ्यात बाईनेच विचारलं, “नवाच दिसस भाऊ. कोनता गावना तू?”

“कोरीटना,” ललित म्हणाला. बोलून मोकळा झाला बघा! तोंडातला घास गिळायचीही वाट पाहिली नाही लबाडाने.

तुळशीबाईचा हात भाकरीवरच थांबला. तिने त्याच्याकडे टक लावून पाहिलं. मग ताडकन उठली, फळीवरचा डबा काढला आणि डाळीवर तुपाची अशी धार धरली की डाळ दिसेनाशी झाली.

“खाय भाऊ,” ती म्हणाली. तिचा आवाज कापत होता. “बोलू नको. पहिले जेव.”

बिचारीला माहेर आठवलं, ललितला वाटलं. क्षणभर मनाला टोचलं, नाही असं नाही. पण तूप कणीदार होतं हो, आणि ताजं होतं. टोचणी तुपात विरघळली.

पुढे त्याला एक गंमत कळली. कोरीटचं नाव काढलं की तूप मिळतं. “आमना कोरीटले यंदा कापूस बरा शे,” एवढं म्हणायचा अवकाश, तुळशीबाई डबा घेऊन हजर. “खाय भाऊ, खाय.” कोरीटविषयी पुढचं वाक्य त्याला कधी जुळवावं लागलंच नाही, आणि ते बरंच होतं, कारण पुढचं वाक्य त्याच्याजवळ नव्हतं. असा सगळा हंगाम गेला. ललितचा पट्टा दोन भोकं पुढे सरकला आणि पतसंस्थेतली मंडळी विचारू लागली, “कुठे जेवतोस रे?” तो म्हणायचा, “कसलं जेवण, दोन केळी खातो.”

एकदा मात्र अंगाशी आलं. समोर पांढरी टोपी घातलेला एक म्हातारा येऊन बसला होता, नथ्थू आप्पा. ललितने पहिला घास तोंडात घातला न घातला तोच तुळशीबाई चुलीपुढून म्हणाली, “आप्पा, हाऊ बी तुमनाच गावना शे. कोरीटना.”

संपलं! ललितच्या घशात भाकरी अडकली. आप्पानेही नेमकी तेव्हाच हिरवी मिरची चावली असावी, कारण म्हातारा असा काही ठसकला की हमालांना पाठीवर थापा माराव्या लागल्या. डोळे पुसून तो म्हणाला, “वळखस ना मी याले. याना बापले बी वळखस. देवमाणूस!”

ललितचा बाप लोणखेड्याला पपईचा बाग पाहत धडधाकट बसलेला होता आणि त्याला देवमाणूस म्हणणारा अजून जन्माला यायचा होता. म्हाताऱ्याची नजर अधू आहे, आपली गाठ बरी पडली, असं मनात म्हणत ललितने हात जोडले. “आप्पाले कोन नही वळखत?”

दोघांच्याही ताटात तूप पडलं. दोघांनीही मान खाली घालून निमूट खाल्लं.

श्रावणात तुळशीबाईने राखी बांधली, ललितला आणि नथ्थू आप्पालाही. ललितने ओवाळणी घातली, कारण तेवढा तो माणूस होता. पण त्या दिवसापासून तुपाची चव किंचित बदलली. राखीचा हात ताटात जायचा तेव्हा त्याला उगीचच इकडेतिकडे बघावंसं वाटायचं.

आणि मग उन्हाळ्याच्या तोंडाशी तुळशीबाईच्या थोरल्या मुलीचं, रंजिताचं, लग्न ठरलं. मुलगा नवापूरचा, पोल्ट्रीवाला. एका दुपारी बाकीची गिऱ्हाईकं गेल्यावर तुळशीबाई ललितच्या पुढ्यात बसली.

“भाऊ, मामा म्हनीसन तू उभा ऱ्हाय,” ती म्हणाली. “नवरदेवना काका, भिला आप्पा, तो परतपरत विचारी ऱ्हायना. माहेरना लोके कोठे शेतस? मामा कोन शे? माहेरनं कोनी उनं नही तं मन्ही पोरले तठे जलमभर ऐकाव लागी.”

ती पहिल्यांदाच त्याच्यासमोर रडली. नवरा जाऊन वर्षं झाली होती, सासरच्यांनी केव्हाच पाठ फिरवली होती. दोन मुली तिने या चुलीवर वाढवल्या. ललितच्या तोंडून ‘हो’ निघून गेलं, आणि निघून गेल्यावर त्याला दरदरून घाम फुटला. तिचं माहेर कोरीट, म्हणजे लग्नाला कोरीट लोटणार. तिथे कोणीतरी विचारणार, हा कोण बुवा? आणि भरमांडवात कळणार, की मामा खोटा आहे. स्वतःची फजिती त्याने एकवेळ सोसली असती. पण त्या बाईचं काय? व्याह्यांसमोर तिची मान खाली जाणार, तीही याच्या तुपापायी.

तीन दिवस तो तिकडे फिरकला नाही. स्टेशनसमोरचा वडा खाऊन पोट बिघडवून घेतलं. चौथ्या दिवशी रंजिता पतसंस्थेतच येऊन उभी राहिली. हातात पत्रिका. “मामा, मायनी दिधी शे.” ललितने उघडून पाहिलं, तर खाली ठळक अक्षरात छापलेलं: ‘मामा : श्री. ललित पाटील, कोरीट.’ शेजारच्या टेबलावरून मंडळींनी माना लांब केल्या. त्याने पत्रिका खिशात कोंबली.

खिशातली पत्रिका शनिवारी चेतनाच्या हाती लागली. चेतनाचं एक होतं. एरवी ती घरात अहिराणीत बोलायची, पण रागावली की शाळेतल्या प्रमाण मराठीत उतरायची.

“ललितराव,” ती म्हणाली, “आपण कोरीटचे केव्हापासून झालात?”

ललितने सगळं सांगितलं. तूप, आप्पा, राखी, काही लपवलं नाही. चेतना आधी रागावली, मग तोंडाला पदर लावून हसली, हसता हसता डोळ्यांत पाणी आलं आणि मग परत रागावली. “दीड वरीस तिन्हं तूप खाधं,” ती आता अहिराणीवर आली, म्हणजे धोका टळला होता, “आनि आते पयी जाशी? काही नही. लुगडं लेसूत, आनि मी बी येस. आनि लग्न लागी गयं का तिले खरं सांगानं.”

“आनि कोरीटनी मंडळी उनी तं?”

“ते मंग दखसूत.”

लग्न आखाजीनंतरचं, भर उन्हातलं. आखाजी म्हणजे आपली अक्षय्य तृतीया, लेकी माहेरी येतात तो सण. मंगल कार्यालयात जंबो कूलर घरघरत होते. ललित नवा सदरा घालून दारातून आत शिरला आणि प्रत्येक टोपीकडे चोरासारखा बघू लागला. माहेरच्या मंडळींसाठी राखलेल्या खुर्च्यांवर एकच माणूस बसला होता, नथ्थू आप्पा. तोही मान वळवून वळवून दाराकडे बघत होता, आणि त्याच्या टोपीतून घाम ओघळत होता. बाकी कोरीटचं कोणीच दिसेना. ललितला बरंही वाटलं आणि वाईटही. एवढं हाकेवरचं गाव आणि या बाईच्या दारी एक माणूस येऊ नये?

तेवढ्यात भिला आप्पा आला. धोतर, मिशा, हातात काठी, आणि सारं जग तपासून घेण्याची सवय असलेले डोळे. समोर खुर्ची ओढून बसला. आजूबाजूला नवापूरची मंडळी गोळा झाली. मागे तुळशीबाई हळदी-कुंकवाचं ताट धरून उभी होती.

“तुम्ही कोरीटनात ना?” भिला आप्पा म्हणाला. “मन्ही सासरवाडीच कोरीट. घरनीना गुडघा दुखी ऱ्हायनात म्हनीसन ती उनी नही, नही तं तिनी लगेच वळखं असतं. तुम्ही दोन्ही कोनता गल्लीना?”

“आमनं दोन्हीसनं घर लागूनच शे,” नथ्थू आप्पाने ठोकून दिलं.

“हां, लागूनच,” ललित म्हणाला.

“पन कोनती गल्ली?”

“खालनी,” ललित म्हणाला.

“वरनी,” नथ्थू आप्पा म्हणाला. दोघं एकदमच बोलले.

ललितने नथ्थू आप्पाकडे पाहिलं, आप्पाने ललितकडे पाहिलं, आणि त्या एका नजरेत दोघांनाही कळलं. हा म्हातारासुद्धा! ‘याना बापले बी वळखस’ म्हणणारा हा लुच्चा, याने कोरीट आपल्याइतकंच पाहिलेलं आहे!

भिला आप्पाच्या मिशा वर चढल्या. तो काठी टेकून उठू लागला, तुळशीबाईचा चेहरा पांढरा पडला, आणि तेवढ्यात बायकांतून चेतना उठली. डोक्यावर पदर घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी ओरडली, “अगं माय वं! सासरवाडी कोरीट? म्हंजे हाई तं आमना गावना जवाई!”

झालं! आहेराच्या पिशवीतून तिने टॉवेल-टोपी काढली, तुळशीबाईच्या हातातल्या ताटातलं कुंकू भिला आप्पाच्या कपाळी टेकवलं आणि ललितला कोपराने ढोसलं. ललित भानावर आला. “जवाईबुवा! पहिले सांगानं ना!” म्हणत त्याने टॉवेल भिला आप्पाच्या खांद्यावर टाकला. नथ्थू आप्पाने तर हात जोडून वाकूनच नमस्कार केला. गावचा जावई म्हणजे गावातल्या प्रत्येक घरचा जावई. त्याला मान द्यायचा असतो, आणि मान घेणाऱ्याने प्रश्न विचारायचे नसतात.

“पन गल्ली...” भिला आप्पा चाचरत म्हणाला.

“जवाईनी का गल्ल्या मोजानं काम शे?” चेतना म्हणाली. “पहिले सरबत ल्या. आठे गरमीत काब्र बसनात? कूलरपुढे चाला.”

भिला आप्पा कूलरपुढे बसला, सरबत प्याला, टोपी नीट केली आणि नवापूरच्या मंडळींना मोठ्याने म्हणाला, “दखा, मन्ही सासरवाडीना लोके! इतला मान कोठेच नही भेटत.” पुढे दिवसभर तो कोरीटचीच तारीफ करत हिंडला.

मग लग्न लागलं. मामाने नवरीला हाताला धरून मांडवात आणायचं आणि मंगलाष्टकं होईस्तोवर तिच्या पाठीशी उभं राहायचं, ही रीत. ललितने रंजिताचा हात धरला. तो थंडगार पडला होता. “भिऊ नको पोरी, मी शे,” तो म्हणाला, आणि आपण हे कुठल्या हक्काने म्हणतोय हे त्याचं त्यालाच कळेना. पाठवणीच्या वेळी ती त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. “मामा, मायकडे ध्यान ठेवजा.” आणि लबाडीने मामा झालेला तो माणूस सगळ्यांदेखत हुंदके देऊन रडला. आवरेच ना. चेतनाने रुमाल दिला.

गाड्या गेल्या. कार्यालयामागे रिकाम्या पातेल्यांपाशी तुळशीबाई दमून बसली होती. ललित तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.

“ताई, मी कोरीटना नही शे,” तो म्हणाला. “लोणखेडाना शे. तूप दखी खोटं बोलनू. माफ कर.”

“माले म्हाईत शे,” तुळशीबाई म्हणाली.

“मी बी नही,” नथ्थू आप्पा मागून पुटपुटला. “हमालनी सांगं, माहेरनाले तूप भेटस. मी बी बोली गऊ.”

“ते बी म्हाईत शे.”

“पन तुले कसं कळनं?” ललितने विचारलं.

तुळशीबाईने पदराने तोंड पुसलं. “खरा कोरीटना ऱ्हाता तं पहिलं हाईच विचारता, ताई, तू कोनी आंडेर? कोना घरनी पोर? तू पहिला दिवस म्हना, मी कोरीटना, आनि मन्हा हातपाय गार पडनात. मन्हं मन म्हने, आते हाऊ विचारी, कोनी आंडेर? म्हनीसन तूप वाढं. तोंड भरेल ऱ्हायनं तं विचारी कसा? पन तू विचारंच नही. आप्पानी बी नही.”

“पन विचारं असतं तं काय बिघडतं? तू तं सांगी देती.”

“काय सांगती?” तुळशीबाई म्हणाली. “मी तरी कोठे कोरीटनी शे?”

मग तिने सांगितलं. आईबाप ऊसतोडीवर फिरायचे, ती लहान असतानाच दोघं गेले. ज्यांनी वाढवलं त्यांनी लग्न लावून दिलं आणि ते पुढच्या तोडीवर निघून गेले. गाव कोणतं, तिला कोणी सांगितलंच नाही. सासरी जन्मभर ऐकलं, हिला माहेर नाही, हिच्या मागे कोणी नाही. खानावळ उघडली त्या दिवशी पहिल्याच गिऱ्हाईकाने विचारलं, बाई कोणत्या गावची? समोरून एसटी चालली होती. पाटीवर लिहिलं होतं, कोरीट. ती म्हणाली, कोरीट.

“एक एसटी दखी आनि माहेर करी टाकं,” ती म्हणाली. हसायला गेली आणि रडली.

चेतना तिच्याशेजारी जमिनीवरच बसली. तिने लुगड्याची घडी तुळशीबाईच्या मांडीवर ठेवली. “नणंदबाई,” ती म्हणाली, “पुढली आखाजीले लोणखेडाले येवानं. तुमना भाऊ लेवाले येई.”

सोमवारी दुपारी ललित बिचकतच शेडमध्ये गेला. आता सगळं उघडं पडलं, आता कसलं तूप? तुळशीबाईने डाळ वाढली, भाकरी वाढली, आणि डबा काढून धार धरली. नेहमीचीच. फक्त जेवण झाल्यावर तो हात झटकून उठला, तशी ती ओरडली, “ओ पाहुणा! आते घरना माणूस झाया ना? उचल ताट. हाऊ हौद, हाई राख.”

ललित ताट घासत असताना एक नवा माणूस शिंकत आत आला. शर्टाच्या खिशाला पेन, काखेत फाइल, डोळे चौफेर. बसला, शेजारच्या हमालाशी काहीतरी कुजबुजला, फळीवरच्या डब्याकडे बघितलं.

“कोनता गावना भाऊ?” तुळशीबाईने विचारलं.

“कोरीटना,” तो म्हणाला.

तुळशीबाईने ललितकडे पाहिलं. ललितने घासलेलं ताट पालथं घातलं आणि हात पुसत त्या माणसाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. सदरा चांगला होता, अंगानेही उंचापुरा होता, मांडवात शोभून दिसला असता.

“वाढ ताई,” तो म्हणाला. “तूप भरपूर वाढ. धाकलीना लगीनले बी मामा लागतीन ना?”